दोन पेले शेजारी-शेजारी : प्रस्तावना

जानेवारीत निफाडचा पारा उतरला की वर्तमानपत्रांत चौकट येते आणि तिच्यासोबत ठरलेलं छायाचित्र : पहाटेच्या अंधारात द्राक्षबागेत पेटलेल्या शेकोट्या. कडाक्याच्या थंडीने मण्यांची फुगवण थांबते, पक्व होत आलेले मणी तडकतात. म्हणून बागाईतदार रात्र जागून काढतात, धूर करतात, पहाटे ठिबक सोडतात. मी अशाच घरात वाढलो. आमच्या काकांची बाग थॉमसनची, म्हणजे खाण्याच्या द्राक्षाची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मग विरळणी, डिपिंग आणि डावणी-भुरी या रोगांशी चार महिने झुंज. थंडी म्हणजे संकट, एवढंच मला ठाऊक होतं. त्याच जिल्ह्यात त्याच थंडीची वाट बघणाऱ्या बागाही आहेत, हे फार उशिरा कळलं.

त्या वाइनच्या बागा. मण्यात पाणी उतरलं की साखर चढू लागते आणि आम्ल घटू लागतं. रात्री उबदार असतील तर आम्ल भराभर संपतं आणि वाइन मिळमिळीत होते. रात्री गार असतील तर ते टिकतं. युरोपात वेल हिवाळाभर झोपते आणि तोडणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. आपल्याकडे वेलीला झोपच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटून पीक मात्र एकदाच घ्यायचं, तेही असं की मणी थंडीच्या दिवसांत पिकावेत आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडणी व्हावी. नाशिकच्या वाइनचं सगळं गणित या एका युक्तीवर उभं आहे.

एका फेब्रुवारीत काकांना घेऊन दिंडोरीकडच्या अशा एका बागेत गेलो. तिथे कॅबरने सोविन्योंची तोडणी चालू होती. काकांनी घड तळहातावर तोलला, एक मणी तोंडात टाकला, बी दाताखाली आली तशी साल चावून बाजूला थुंकली. "मणी एवढासा, साल जाड, गर नावाला. मार्केटला कोण विचारील रे याला?" त्यांचा प्रश्न खराच होता. खाण्याच्या द्राक्षाची पारख मोठ्या मण्यावर, पातळ सालीवर आणि गोडीवर होते. वाइनच्या द्राक्षाचा रंग, वास आणि कस सालीत आणि सालीलगत असतो, म्हणून तिथे लहान मणी आणि जाड साल हवी. काकांना ते बोलून पटलं नसतं. शेडमध्ये आदल्या वर्षीच्या वाइनचा घोटभर पेला कुणीतरी पुढे केला. काकांनी घोट घेतला, जीभ टाळूला लावून पाहिली, आणि म्हणाले, "जांभूळ खाल्ल्यासारखं झालं. जीभ आखडली बघ."

टॅनिन म्हणजे काय, हे मी त्याआधी चार इंग्रजी पुस्तकांत वाचलं होतं. चारही पुस्तकांनी मिळून जे मला दिलं नव्हतं, ते काकांच्या त्या एका वाक्यात होतं. द्राक्षाच्या सालीतलं आणि बियांतलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि जीभ ओढली जाते. जांभळात हेच घडतं, कच्च्या केळ्यात, काथात, सुपारीत आणि बिनदुधाच्या कडक चहातही. आपल्याकडे त्याला तुरट म्हणतात. सहा रसांत त्याचं स्वतंत्र स्थान आहे, आणि आवळा-जांभळावर वाढलेल्या मुलाला तो शिकवावा लागत नाही. वाइनच्या वाटेला लागलेल्या मराठी माणसाकडे हा साठा आधीपासून आहे. त्याला कोणी तसं सांगत नाही. हे पुस्तक ते सांगण्यासाठी लिहिलं आहे.

नवख्याची खरी अडचण दुकानात सुरू होते. फडताळावर पन्नास बाटल्या, प्रत्येकीवर वेगळी भाषा. कुठे गावाचं नाव, कुठे द्राक्षाचं, कुठे घराण्याचं, कुठे 'रिझर्व्ह'. दुकानदार विचारतो, "रेड की व्हाइट?" आणि आपण घाईने "रेड" म्हणतो, कारण खरी वाइन लाल असते असा समज आहे. मग एखादी तुरट, जड, गरम पडलेली लाल वाइन घरी येते, पहिल्या घोटाला तोंड वाकडं होतं, आणि हे आपल्यासाठी नाही असा निकाल लागतो. असा निकाल लावून थांबलेली कितीतरी माणसं मला भेटली आहेत. त्यांची जीभ चुकलेली नव्हती. त्यांना ताडून पाहायला शेजारी दुसरा पेला नव्हता.

एकच वाइन चाखून फक्त आवडली किंवा नावडली एवढं कळतं. दोन शेजारी ठेवल्या की का ते कळू लागतं. हापूस कसा वेगळा, हे आपल्याला पायरीमुळे कळलं. इंद्रायणीचा वास आंबेमोहोराशेजारी ओळखू आला. म्हणून या पुस्तकात बाटल्यांची यादी नाही, जोड्या आहेत. प्रत्येक जोडीत एकच गोष्ट बदलते : कधी द्राक्ष, कधी गाव, कधी पिंप, कधी वय. बाकी सगळं शक्य तेवढं सारखं. हा रस्ता हळू आहे, पण आपल्या जिभेवर विश्वास बसवणारा दुसरा रस्ता मला माहीत नाही.

आता या विषयाचा पसारा. मूळ क्रिया अगदी साधी आहे. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. रस आधी पिळून, साल बाजूला काढून आंबवला की पांढरी वाइन. काळ्या द्राक्षांच्या सालीसकट आंबवला की लाल. साल काही तासच ठेवली की गुलाबी रोझे. आंबलेल्या वाइनला बंद बाटलीत पुन्हा एकदा आंबवलं आणि वायू आतच कोंडला की फेसाळती. आंबण्याच्या मध्यातच ब्रँडी घालून यीस्ट मारलं, साखर शिल्लक ठेवली, की पोर्ट. या पाच ओळींत जगातल्या बहुतेक बाटल्या बसतात.

या ओळी गाठायला माणसाला हजारो वर्षं लागली. जॉर्जियात सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या भांड्यांच्या तुकड्यांवर द्राक्षाच्या वाइनच्या खुणा सापडल्या. तिथले लोक आजही जमिनीत पुरलेल्या क्वेव्री नावाच्या रांजणांत वाइन करतात, आणि त्या पद्धतीला २०१३ मध्ये युनेस्कोने अमूर्त वारशात स्थान दिलं. पुढे फिनिशियन, ग्रीक, रोमन व्यापाऱ्यांनी वेल भूमध्य समुद्राभोवती फिरवली. बर्गंडीत मध्ययुगीन ख्रिस्ती साधूंनी पिढ्यानपिढ्या एकाच उतारावरचे वाफे वेगवेगळे आंबवून पाहिले. एकाच भिंतीच्या अलीकडची आणि पलीकडची वाइन वेगळी लागते, हे त्यांच्या लक्षात आलं. जोडीने चाखण्याची पद्धत म्हणायची तर ती तेवढी जुनी आहे.

इथे आपल्या वाचकाने थोडं थांबावं अशी एक जागा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षाच्या रसापासून होणाऱ्या पेयाला 'मधु' म्हटलं आहे, आणि ते जिथून येतं त्या प्रदेशावरून त्याची कापिशायन आणि हारहूरक अशी नावं दिली आहेत. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात बेग्रामजवळचा प्रदेश. वाइनला तिच्या गावाचं नाव लावायचं ही कल्पना आपल्या जुन्या ग्रंथांत अशी नोंदलेली आहे. आयुर्वेदातली द्राक्षासव आणि द्राक्षारिष्ट ही औषधं तर अजून दुकानात मिळतात. धायटीच्या फुलांच्या साहाय्याने ती आंबवतात आणि त्यांत अल्कोहोल आपसूक तयार होतं. हा वारसा मिरवायला मी सांगत नाही. आंबवलेलं द्राक्ष इथे कधीच परकं नव्हतं, हे नवख्याला माहीत असावं.

एकोणिसाव्या शतकात विज्ञान आलं. पाश्चरने १८६६ मध्ये वाइनवरचा आपला ग्रंथ छापला आणि वाइन बिघडते ती जिवाणूंमुळे, हे दाखवलं. त्याच दशकात फ्रान्सच्या दक्षिणेत फायलोक्सेरा नावाचा मुळं खाणारा सूक्ष्म किडा दिसला, आणि पुढच्या काही दशकांत त्याने युरोपच्या बागा उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तो अमेरिकी खुंटावर युरोपी काडीचं कलम करण्याचा. नाशिक-सांगलीचा बागाईतदार डॉगरीज खुंटावर कलम करतो. तो खुंटही मूळचा टेक्सासकडचाच, फक्त आपल्याकडे त्याची गरज क्षार आणि पाण्याच्या ताणामुळे पडली. फ्रान्सच्या संकटातून निघालेली वाट अशी निफाडच्या रोपवाटिकेत येऊन पोचते.

वाइनकडे बघण्याचे मुख्य पंथ दोन. पहिला जागेचा. फ्रान्समध्ये १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी बोर्दोच्या लाल वाइन पाच श्रेणींत बसवल्या गेल्या, आणि १९७३ मध्ये शातो मुताँ रोथशिल्डला मिळालेली बढती सोडली तर ती उतरंड जवळपास तशीच आहे. १९३५ मध्ये कायद्याने प्रांतांच्या हद्दी, द्राक्षं आणि पद्धती बांधून दिल्या. त्याही आधी, १७५६ मध्ये, पोर्तुगालने पोर्टसाठी डोरो खोऱ्याची हद्द आखली होती. या पंथात बाटलीवर गाव असतं आणि द्राक्ष कोणतं ते तुम्हाला माहीत आहे असं गृहीत असतं. पांढरी सांसेर म्हटली की ती सोविन्यों ब्लाँच आहे, हे ठाऊक हवं. नवखा इथे अडखळतो.

दुसरा पंथ द्राक्षाचा. कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, चिली इथे बाटलीवर मोठ्या अक्षरांत शार्दोने, शिराज, कॅबरने लिहिलं जातं. हा पंथ बाजारातल्या सोयीचा, म्हणून जुन्या घरंदाजांनी त्याला बरीच वर्षं कमी लेखलं. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या इंग्रज व्यापाऱ्याने एक चाचणी घेतली. फ्रेंच परीक्षक, नावं झाकलेले पेले, फ्रान्सच्या नामांकित वाइन आणि त्यांच्याशेजारी कॅलिफोर्नियाच्या. पांढऱ्यांत शातो माँतेलिना आणि लालमध्ये स्टॅग्ज लीप, दोन्ही १९७३ सालच्या कॅलिफोर्नियाच्या वाइन, पहिल्या आल्या. मला यातला निकाल तितका महत्त्वाचा वाटत नाही. महत्त्वाची आहे ती पद्धत : नाव झाकलं आणि शेजारी दुसरा पेला ठेवला, तेव्हा जिभेने आपला कौल दिला.

त्यानंतर गुणांचा जमाना आला. वाइन समीक्षक रॉबर्ट पार्करने १९७८ पासून शंभरपैकी गुण द्यायला सुरुवात केली आणि बाजार त्या आकड्यांमागे धावला. १९८४ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या अ‍ॅन नोबल यांनी वासांचं चक्र तयार केलं : वाइनमध्ये जे वास सापडतात त्यांची सर्वांना समजेल अशा शब्दांत केलेली मांडणी. गुणांपेक्षा हे चक्र मला कितीतरी मोलाचं वाटतं, कारण त्याने बोलायला शब्द दिले. अलीकडचा पंथ नैसर्गिक वाइनचा : फवारणी कमी, बाहेरचं यीस्ट नाही, गंधकाचा वापर अगदी थोडा किंवा नाहीच. त्यात काही वाइन अप्रतिम असतात, काहींना आंबूस वास येतो. सुरुवात करणाऱ्याने त्या वाटेला जरा उशिरा जावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दोष कोणता आणि लकब कोणती, हे ओळखायला आधी थोडा सराव लागतो.

नोबल यांच्या चक्रात ब्लॅकबेरी आहे, कॅसिस आहे. ही फळं पुण्या-नाशिकच्या माणसाने क्वचित चाखलेली. मग तो पुस्तकातले शब्द पाठ करतो आणि जिभेवर जे आहे ते सोडून देतो. आम्ही या पुस्तकासाठी केलेल्या चाखण्याच्या बैठकांत एकच नियम पाळला : घरात न खाल्लेल्या वस्तूचं नाव घ्यायचं नाही. काय निघालं ते पाहा. नाशिकच्या सोविन्यों ब्लाँला पेरू आणि गवती चहा. थोड्या कोवळ्या तोडणीच्या कॅबरनेला ढोबळी मिरची. शिराजला जांभूळ आणि काळी मिरी. व्हिओन्येला जर्दाळू. ओकच्या पिंपात ठेवलेल्या लाल वाइनला लवंग आणि खोबरं. यातलं बरंच काही केवळ साम्य नाही. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारं पायराझिन कॅबरनेत आणि सोविन्योंतही असतं. मिरीच्या वासातलं रोटंडोन शिराजमध्ये सापडतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं. भाजलेल्या ओकमधून लवंगेतलंच युजेनॉल उतरतं, आणि ओकमधली लॅक्टोनं खोबऱ्यासारखा वास देतात. बैठकीतल्या एका वहिनी पेला नाकाशी नेऊन म्हणाल्या, "मसाल्याचा डबा उघडल्यासारखं झालं." रसायनशास्त्र त्यांच्याच बाजूने आहे.

या सगळ्यात भारताचं पान लहान आहे, पण ते आपल्याच गावांत लिहिलं गेलं. ऐंशीच्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगावात शातो इंडाज उभी केली आणि 'ओमर खय्याम' नावाची फेसाळती वाइन युरोपात पाठवली. बंगळुरूजवळ नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंवल ग्रोव्हर यांनी फ्रेंच वेली लावल्या. नाशिकमध्ये राजीव सामंत यांनी गंगापूर धरणाजवळ सुला सुरू केली आणि २००० मध्ये तिथली पहिली वाइन बाजारात आली : शेनिन ब्लाँ आणि सोविन्यों ब्लाँ. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूरला आणि सांगलीत पलूसला वाइन पार्क झाले. मग पडझडही झाली. २००९-१० च्या सुमारास मागणी कोसळली, इंडाजसारखी जुनी कंपनी अडचणीत आली, आणि वाइनची द्राक्षं लावलेल्या अनेक शेतकऱ्यांना वेली उपटाव्या लागल्या. वाइनचं द्राक्ष खायला विकता येत नाही, बेदाणा म्हणूनही खपत नाही. वाइनरीने घेतलं नाही तर ते मातीमोल. टेस्टिंग रूममध्ये बसून पेला हातात घेणाऱ्याने ही गोष्ट विसरू नये. आज नाशिक व्हॅली वाइनला भौगोलिक मानांकन आहे, अकलूजला फ्रातेल्ली आहे, दिंडोरीत शाँदों फेसाळती वाइन करते. २०१६ मध्ये मुंबईच्या सोनल हॉलंड 'मास्टर ऑफ वाइन' झालेल्या पहिल्या भारतीय ठरल्या.

गोव्याची वाट निराळी. तिथे पोर्तुगीजांबरोबर पोर्ट आली आणि घराघरांत रुजली. सणाला, पाहुण्याला, केकमध्ये. आज गोव्यात स्थानिक गोड लाल वाइनलाही पोर्टच म्हणतात. ती डोरोतल्या पोर्टपेक्षा पुष्कळ वेगळी आहे, पण अनेक मराठी माणसांच्या तोंडात पडलेला वाइनचा पहिला घोट तिचाच. त्या गोडीची लाज वाटायचं काही कारण नाही. नवख्याला गोडसर वाइन आवडते, हे सगळ्या देशांत खरं आहे.

आणि हे पुस्तक आत्ताच का? जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केट आणि मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं. त्या वादात एका बाजूने 'वाइन म्हणजे दारू नव्हेच' असं ऐकू आलं. मला ते मान्य नाही. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. १३ टक्क्यांच्या ७५० मिलिलीटरच्या बाटलीत शंभराला थोडं कमी मिलिलीटर शुद्ध अल्कोहोल आहे. १९९१ मध्ये अमेरिकी दूरदर्शनवरच्या एका कार्यक्रमाने लाल वाइन हृदयाला चांगली असते ही समजूत जगभर पसरवली, आणि आपल्याकडे अजून कोणी ना कोणी ती सांगतंच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की अल्कोहोलचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही. जे पीत नाहीत त्यांनी या पुस्तकामुळे सुरू करू नये. ज्या घरांनी दारूपायी माणसं गमावली, त्यांच्या रागाला मी उत्तर देऊ इच्छित नाही, तो राग रास्त आहे. जे पितात, किंवा पिण्याचं ठरवून बसले आहेत, त्यांनी कमी प्यावं आणि लक्ष देऊन प्यावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे. एका जोडीसाठी प्रत्येकी ५० मिलिलीटर पुरतात. आमच्या बैठकांत उरलेलं ओतून टाकण्याचं भांडं मधोमध ठेवलेलं असे आणि ते वापरणाऱ्याकडे कोणी वळून पाहत नसे.

दुसरं कारण बाजाराचं. आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क असल्याने परदेशी बाटली आपल्याकडे फार महाग पडते. डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारामुळे ठरावीक किमतीच्या वरच्या ऑस्ट्रेलियन बाटल्यांवरचं शुल्क टप्प्याटप्प्याने उतरू लागलं. त्यामुळे नाशिकची शिराज आणि ऑस्ट्रेलियाची शिराज ही जोडी आता महानगरांबाहेरही जुळवता येते. पूर्वी ती कागदावरच राहिली असती.

तिसरं कारण मला सर्वांत जवळचं आहे. २००५ मध्ये नाशिकला पहिली टेस्टिंग रूम उघडली. आज शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्या गंगापूरच्या रस्त्याला लागतात. त्या गर्दीत मी मराठी कुटुंबं पाहतो. पाच पेले समोर येतात, माहिती सांगणारा मुलगा इंग्रजीत भराभर बोलतो, सगळे मान डोलावतात, फोटो काढतात. तो मुलगा मोहाडीचा किंवा जानोरीचा असतो. त्याच्या घरीही द्राक्षबाग असते. दोघांनाही जे मराठीत सहज बोलता आलं असतं, ते दोघंही परक्या शब्दांत बोलतात. हे पुस्तक त्या टेबलावर पडलेलं असावं, अशी माझी इच्छा आहे.

म्हणून या पुस्तकाचा प्रवास बोर्दोपासून सुरू होत नाही. तो दिंडोरी-निफाडहून निघतो. तिथून शेनिनच्या माहेरी, लुआर नदीच्या काठी, आणि तिच्या दुसऱ्या घरी, दक्षिण आफ्रिकेत. मग शिराजच्या मागोमाग ऱ्होन खोऱ्यात आणि ऑस्ट्रेलियात. बोर्दो आणि बर्गंडी शेवटच्या तिसऱ्या भागात येतात, वाचकाची जीभ तयार झाल्यावर. इटली आणि स्पेनला मी द्यायला हवी होती त्याहून कमी जागा दिली आहे. त्यांच्या बाटल्या जोडीने जुळवणं आपल्या बाजारात अजून अवघड आहे, आणि जे वाचकाला चाखता येणार नाही त्याची वर्णनं लिहिणं मला पटेना. नावांचे उच्चार बागेत जसे बोलतात तसे ठेवले आहेत. मजूर बायका 'शेनिन' म्हणतात, मीही शेनिनच लिहितो.

व्यवहारातल्या काही गोष्टी पुस्तकभर पुन्हा पुन्हा येतील, कारण त्यांनी चांगल्या वाइनचं मातेरं होतं. पहिली उष्णता. लाल वाइन 'रूम टेम्परेचर'ला प्यावी हा सल्ला जिथे घरं १६-१८ अंशांवर असायची तिथला आहे. एप्रिलमध्ये आपला दिवाणखाना ३३ अंशांवर असतो आणि त्या उबेत लाल वाइनचं अल्कोहोल नाकात चढतं. ती अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी, पांढरी दोन-तीन तास. दुसरी, दुकान. एकदा मी एक चांगली शार्दोने आणली, ती उघडली तर शिजलेल्या सफरचंदाचा वास. दुकानात परत गेलो तेव्हा कळलं, फडताळ पश्चिमेच्या काचेला लागून होतं, रोज दुपारी ऊन थेट बाटल्यांवर. तेव्हापासून मी आधी दुकानाची खिडकी पाहतो, मग बाटली. तिसरी, वर्ष. नाशिकच्या साध्या पांढऱ्या वाइन ताज्या प्यायच्या असतात. तीन वर्षं फडताळावर बसलेली सवलतीत मिळाली तरी घेऊ नये. चौथी, 'रिझर्व्ह' हा शब्द. स्पेनमध्ये लाल वाइनवर 'रिझर्व्हा' छापायला किमान तीन वर्षं आणि त्यातलं एक वर्ष ओकमध्ये असं बंधन आहे. अनेक देशांत तो शब्द उत्पादकाच्या मर्जीचा असतो.

जेवणाबद्दल एकच प्रकरण आहे, पण मी ते सर्वांत आवडीने लिहिलं. तांबड्या रश्श्यासोबत तुरट कॅबरने देण्याची चूक हॉटेलांत सर्रास होते. तिखटाने जीभ पेटलेली असताना टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही त्यात भर घालतात. रश्श्याला थोडी गोडी असलेली गार शेनिन द्यावी. कोथिंबीर वडीला सोविन्यों, कारण हिरव्याला हिरवं भेटतं. बटाटेवड्याला कोरडी फेसाळती, तिच्या आंबटपणाने तेल कापलं जातं. पुरणपोळीपुढे मात्र मी कितीतरी वाइन ठेवून पाहिल्या आणि शेवटी तुपाची वाटीच जिंकली.

पहिली जोडी पुढच्या पानावर आहे. नाशिकची शेनिन आणि नाशिकचीच सोविन्यों, एकाच वर्षाची, जमल्यास एकाच वाइनरीची. दोन्ही दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. सारखे दोन काचेचे पेले घ्या, साबणाचा वास नसलेले, आणि प्रत्येकी बोटभर ओता. उदबत्ती विझवा, अत्तर लावू नका, शेजारी पाणी आणि साधी चपाती ठेवा. कागदावर मधोमध रेघ मारा. आधी दोन्ही पेले नुसते हुंगा, काही न पिता, आणि जो शब्द प्रथम सुचेल तो लिहा. पेरू सुचला तर पेरू, ओलं गवत सुचलं तर गवत. काकांनी त्या दुपारी केलं तसं.